अखाजीला सही करू नकोस

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईचं पत्र आहे. घटस्फोट झाला, मुलाला घेऊन ती आईवडिलांकडे परत आली, त्याला वर्ष होत आलं. वहिनी धड बोलत नाही, पोळ्या मोजून टाकते. गल्लीतल्या बाया "मग कधी जाणार?" असं विचारतात. जळगावला खोली घेऊन राहू का, असं ती विचारते. आणि अगदी शेवटी, अखाजीबद्दल, म्हणजे आपल्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेबद्दल, एक ओळ: "अखाजीला मोठी बहीण येईल तेव्हा हक्कसोडपत्रावर सह्या करायच्या आहेत. दादाने कागद तयार ठेवलाय. त्याचं काही नाही."

पोरी, त्याचंच सगळं आहे.

दोन पानं तू वहिनीवर खर्च केलीस आणि जमिनीला एक ओळ दिलीस. दादा चांगला आहे, कोर्टाच्या प्रत्येक तारखेला सोबत आला, असंही लिहिलंस. आला असेल. पण बहीण पोर घेऊन दारात आली त्याच वर्षी तो हक्कसोड टाईप करून घेतो आणि वडील ओसरीवर बसून गप्प राहतात, याचा मला संताप येतो. तुझ्या वडिलांचाही येतो.

शेत आजोबांपासूनचं आहे, हे तूच लिहिलंयस. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलासारखीच जन्माने हिस्सेदार ठरली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंकाही मिटवली. लग्न झालं काय नि मोडलं काय, हिस्सा तोच. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झाली असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं असतं तर तुझ्या सहीसाठी एवढी घाई कशाला? सही मागतात, कारण तुझं तिथे काही आहे. आणि वहिनी पोळ्या मोजते, कारण तू त्या घरात उपकारावर राहतेस असं सगळ्यांनी धरलंय. तूसुद्धा.

आपल्याकडे हे कागद अखाजीलाच का निघतात, माहीत आहे? लेकी माहेरी आलेल्या असतात, लिंबाला झोके बांधलेले, आमरस-मांड्यांचं जेवण झालेलं, भावाने साडी हातात ठेवलेली. अशा वेळी 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. खानदेशातल्या कितीतरी बायांनी त्या एका साडीवर शेत सोडलंय.

दुय्यम निबंधकांपुढे नोंदणी झाली की "मला समजलं नव्हतं" म्हणून कागद परत घेता येत नाही, दिवाणी दावा लढावा लागतो. म्हणून आधीच सातबारा आणि जुने फेरफार काढ, दादाच्या कागदाची झेरॉक्स घे आणि तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. तिथे बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत.

मग वडिलांसमोर सांग, "दादा, मी सही करणार नाही." कारणं देत बसू नकोस, नाहीतर एकेक कारण खोडायला मामा-काका गोळा होतील. वहिनी आठ दिवस आदळआपट करेल. करू दे.

मोठ्या बहिणीला आजच फोन लाव, तिच्यापुढेही तोच कागद येणार आहे. खोलीचं अखाजी झाल्यावर लिही.