बेळगावात आईसाठी ज्येष्ठ निवास बघतोय, काय तपासून घ्यावं?
जेवणाच्या वेळी न सांगता जा. मावशीसाठी टिळकवाडीच्या बाजूला एक जागा पाहिली, तिथे दात नसलेल्या आजोबांना भाकरी आमटीत कुस्करून दिलेली दिसली. माहितीपत्रकापेक्षा मला ते पटलं. रात्री कोण असतं, हे मात्र खोदून विचारा. अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेतात, की "घरी न्या" म्हणतात? बऱ्याच ठिकाणी हिंडतं-फिरतं माणूसच लागतं. अनामत किती परत मिळणार ते लेखी घ्या. करार कन्नडमध्ये असेल तर कुणाकडून वाचून घेतल्याशिवाय सही नको. आणि रात्रपाळीच्या बाईंना मराठी कळतं ना? आमची मावशी बाजारात फर्डं कन्नड बोलते, पण घाबरली की एक शब्द आठवत नाही. ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन १४५६७, आईच्या फोनमध्ये टाकून ठेवा.