परतीची वेळ

वाचकांचे प्रश्न : धावणे आणि ओरिएंटियरिंग

प्रश्न : माझे वय ३८ आहे. मी आणि माझे पती, दोघेही पूर्ण वेळ नोकरी करतो. मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा आहे. दहा वर्षे मी फक्त रस्त्यावर धावत होते. तीन वर्षांपूर्वी ओरिएंटियरिंगची, म्हणजे नकाशा वाचत रानातली ठरलेली ठिकाणे शोधत धावण्याच्या खेळाची, गोडी लागली आणि तेव्हापासून आठवड्यातले पाच दिवस धावणे आणि रविवारी नकाशा व होकायंत्र घेऊन रानात जाणे, असा क्रम पडला आहे. रविवारी ‘दोन तासांत येते’ असे सांगून निघते, पण परतेपर्यंत बहुधा साडेतीन तास होतात. पती कधी तक्रार करत नाहीत. मी घरात पाऊल टाकले की मुलाला माझ्याकडे देतात आणि न बोलता दुसऱ्या खोलीत निघून जातात. गेल्या स्पर्धेत सात किलोमीटरच्या मार्गावर दोन कंट्रोल (नकाशावर दाखवलेली, गाठायची ठिकाणे) शोधताना मिळून चौदा मिनिटे वाया गेली, त्यामुळे सराव वाढवावासा वाटतो, आणि घरी आले की हा सगळा स्वार्थ आहे असे वाटते. धावणे कमी करू, ओरिएंटियरिंग सोडू, की मुले मोठी होईपर्यंत दोन्ही थांबवू?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन हिशेब आहेत. स्पर्धेत चौदा मिनिटे गेली आणि दर रविवारी घराची दीड तास फसगत झाली. या दोन्हींवर अधिक धावणे हा उपाय नाही, आणि म्हणूनच काही सोडून देण्याआधी ते नीट तपासून पाहावेत असे मला वाटते.

आधी चौदा मिनिटे पाहू. सात किलोमीटरमध्ये चौदा मिनिटे म्हणजे किलोमीटरमागे दोन मिनिटे. दहा वर्षे धावलेल्या व्यक्तीचा वेग किलोमीटरमागे दोन मिनिटांनी सुधारेल असे कोणतेही वेळापत्रक मला माहीत नाही. ही मिनिटे नकाशावर गेली आहेत आणि ती नकाशावरच परत मिळतील. त्यासाठी घराबाहेर पडावेच लागते असेही नाही. मुले झोपल्यावर पंधरा मिनिटे टेबलाशी बसावे, एखाद्या जुन्या स्पर्धेचा नकाशा घ्यावा आणि एका कंट्रोलपासून पुढच्या कंट्रोलपर्यंतचा एकच टप्पा उलगडावा. समजा, कंट्रोल एका घळीच्या वरच्या टोकाशी आहे. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर तुम्ही त्यापासून सहा सेंटिमीटर, म्हणजे सहाशे मीटर दूर आहात. आता स्वतःला तीन गोष्टी विचारा. शेवटची हमखास ओळखू येणारी खूण कोणती, जिच्यापासून पुढे काटेकोर दिशा धरायची? तिथपर्यंत बेधडक धावता येईल अशी पायवाट, कुंपण किंवा ओढा सोबतीला आहे का? आणि चुकून पुढे निघून गेले तर ‘थांब’ म्हणून सांगणारे काय आहे? नकाशावरच्या तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) वाचून तिथली जमीन डोळ्यांपुढे उभी करता आली, तर रानातली अर्धी घाई आपोआप ओसरते. चुकलेल्या टप्प्यांचीही अशीच चिरफाड करावी. चूक जिथे लक्षात येते तिथे ती सहसा झालेली नसते. ‘मी इथे आहे’ असे शेवटचे खात्रीने कुठे म्हणता आले होते, ते ठिकाण शोधा म्हणजे चुकीचे मूळ सापडेल.

राहिला दमाचा प्रश्न. आठवड्यातले धावण्याचे दिवस कमी केले तर कमावलेले सगळे जाईल, ही भीती धावणाऱ्या प्रत्येकाला असते आणि ती बरीचशी अनाठायी आहे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहभागींनी दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटे कसून व्यायाम केला. त्यानंतर काहींना चार, तर काहींना दोनच दिवस देण्यात आले. पंधरा आठवड्यांनंतरही शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दोन्ही गटांत जवळजवळ तशीच टिकून होती. अट एकच होती, ती म्हणजे राहिलेल्या दिवसांतला जोर कमी करायचा नाही. त्याच संशोधकांनी पुढे जोरच कमी करून पाहिला तेव्हा क्षमता घसरली. लांब पल्ल्याचा दम मात्र थोडक्या सरावावर तितका टिकत नाही, पण तो तुमच्या रविवारच्या रानात सांभाळला जातोच. तेव्हा आठवड्यात मधले दोन दिवस ठेवा. एका दिवशी चढावरचे जोरकस धावण्याचे तुकडे असावेत आणि दुसऱ्या दिवशी दम लागेल अशा एकसारख्या वेगाने अर्धा तास धावावे. उरलेले तीन दिवस घराला परत द्या. पहाटेची झोप मोडून ते दिवस पुन्हा मिळवण्याच्या फंदात पडू नका. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते, आणि झोप अपुरी असलेला धावपटू मैदानावर जितका मंद होतो त्याहून अधिक चिडका घरात होतो.

आता दुसरा हिशेब, जो मला अधिक गंभीर वाटतो. ओरिएंटियरिंगमध्ये एक नियम आहे. स्पर्धा अर्धवट सोडली तरी स्पर्धकाने समाप्तीच्या जागी येऊन तशी नोंद करायलाच हवी, कारण तो आला नाही तर आयोजकांना लोक घेऊन रानात शोधाला निघावे लागते. सगळे कंट्रोल सापडले नाहीत म्हणून कोणी रागावत नाही. न सांगता गायब होणे मात्र कोणीही खपवून घेत नाही. तुमचे पती दर रविवारी त्या आयोजकांच्या जागी उभे असतात. दोन तास त्यांनी मनापासून दिलेले असतात. पुढच्या दीड तासात ते मुलाला सांभाळता सांभाळता घड्याळ पाहत असतात आणि स्वतःचे कोणतेही काम हाती घेऊ शकत नाहीत. त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ मी इतक्या लांबून लावू नये हे खरे, पण त्यांची हरकत धावण्याला नसून त्या दीड तासाला असावी, असा माझा अंदाज आहे.

हे मी कोरड्या पाषाणासारखे सांगत नाही. मुलगी लहान असताना तिच्या नाटुकल्याच्या दिवशी ‘एवढा एकच कंट्रोल’ म्हणून मी रानात थांबलो होतो. पोहोचलो तेव्हा प्रयोग संपला होता. ती रडली नाही, रुसलीही नाही. डोक्यावरचा कागदी मुकुट तिने घडी घालून पिशवीत ठेवला होता. तो कंट्रोल कोणत्या टेकाडावर होता, हे आज मला आठवत नाही.

म्हणून यापुढे साडेतीन तास लागणार असतील तर साडेतीनच सांगा. जाणे-येणे, कपडे बदलणे, चिखलाचे बूट धुणे, ओळखीच्यांशी गप्पा, हे सगळे त्यात धरा. आणि घड्याळात मागे फिरण्याची वेळ लावून ठेवा. ती वाजली की समोर कंट्रोल दिसत असला तरी वळायचे. पहिल्या दोन-तीन वेळा जिवावर येईल. पण ठरलेल्या वेळी माणूस परततो असा घराला भरवसा आला, की तेच साडेतीन तास घराला हलके वाटू लागतात. याच्या जोडीला पतींनाही आठवड्यात तेवढाच अखंड वेळ मिळाला पाहिजे, आणि महिन्याच्या वेळापत्रकात तो तुमच्या सरावाच्या आधी लिहिला गेला पाहिजे. त्या वेळेत ते नुसते लोळत पडले तरी ‘तुम्ही काही करत नाही आहात, तर मी जरा जाऊन येते’ असे म्हणू नका.

मुलांना या खेळाबाहेर ठेवण्याचे कारण नाही. अनेक ठिकाणी लहान मुलांसाठी दोरीचा मार्ग आखतात. दोरी धरून गेले की एकामागून एक कंट्रोल सापडतात, त्यामुळे चार वर्षांच्या मुलालाही ते जमते. पुढेमागे पतींनाही उतरावेसे वाटले, तर पालकांना विभागून सुरुवातीची वेळ देण्याची सोय काही आयोजक करतात. एक लवकर धावून येतो, मुलांना ताब्यात घेतो, मग दुसरा निघतो. (दोघांचा मार्ग एकच असेल तर मधल्या वेळात कंट्रोलबद्दल अवाक्षर काढायचे नाही. या नियमाने भलीभली जोडपी हसून बेजार होतात.)

स्वार्थाबद्दल थोडेच लिहितो. स्वित्झर्लंडच्या सिमोन निगली-लुडर यांनी २०१३ साली निवृत्त होईपर्यंत ओरिएंटियरिंगच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत २३ सुवर्णपदके जिंकली, आणि त्यांतली काही तीन मुलांची आई झाल्यानंतरची आहेत. हे उदाहरण ‘बघा, तिला जमले’ असे हिणवण्यासाठी देत नाही, कारण जगज्जेत्या खेळाडूचा दिवस आणि पूर्ण वेळ नोकरी करणाऱ्या आईचा दिवस यांची तुलनाच होत नाही. मात्र मुले मोठी होईपर्यंत सगळे थांबवण्याची सक्ती तुमच्यावर ना हा खेळ करतो ना मुले.

प्रश्न : मी ५२ वर्षांचा आहे. वडील वर्षभरापासून अंथरुणाला खिळले आहेत. पत्नी आणि मी आळीपाळीने त्यांच्यापाशी असतो. सलग तासभरही बाहेर पडता येत नाही. पूर्वीचे सोबती आता विचारीनासे झाले आहेत. सहा महिन्यांत माझा ओरिएंटियरिंगचा सराव जवळजवळ संपला. वय पाहता पुन्हा सुरुवात होईल का?

उत्तर : होईल. या खेळात वयाचे ओझे वाटते त्यापेक्षा कमी असते. जागतिक मास्टर्स स्पर्धेची सुरुवातच ३५ व्या वर्षापासून होते आणि पुढे दर पाच वर्षांनी नवा गट असतो, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी परतलात तरी तुमच्याच वयाचे लोक तुमची वाट पाहत असतील. ज्येष्ठ गटांसाठी नकाशेही बऱ्याचदा मोठे करून छापतात, कारण चाळिशीनंतर बारीक खुणा हात लांब करून पाहाव्या लागतात, हे आयोजकांना स्वानुभवाने ठाऊक असते.

सध्या मात्र सरावाचे माप बदला. वीस मिनिटे मिळाली तर वीस मिनिटांचाच सराव आखा. त्याला तासाचा उरलासुरला तुकडा समजू नका. पाच मिनिटे सावकाश धावणे, मग जिना किंवा चढ दहा मिनिटे जोराने, शेवटी पाच मिनिटे चालणे, एवढे आठवड्यातून तीनदा झाले तरी पाय विसरत नाहीत. ज्या दिवशी बाहेर पडताच येणार नाही, त्या दिवशी खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आणि पाठ सरळ ठेवून वजन उचलणे करा. वडिलांना कुशीवर वळवताना, उठवून बसवताना तुमच्या कमरेवर जो भार येतो, त्यासाठी हा व्यायाम कोणत्याही स्पर्धेपेक्षा अधिक गरजेचा आहे. माणसाला उचलण्याची योग्य पद्धत एकदा परिचारिकेकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावी, असेही सुचवतो.

स्पर्धाच करायची असेल तर स्प्रिंट प्रकार पाहा. तो इमारती, गल्ल्या, बागा यांमधून चालतो, नकाशा १:४,००० प्रमाणाचा असतो आणि अव्वल खेळाडूंची विजयी वेळ अवघी १२ ते १५ मिनिटे असते. तुम्हाला पंचवीस लागली तरी बिघडत नाही. फक्त एक पथ्य पाळा. स्पर्धेत दूरसंचाराच्या साधनांवर बंधन असते, म्हणून घरून कधीही निरोप येऊ शकेल अशा दिवशी नाव नोंदवू नका. पत्नी घरी आहेत आणि त्यांना त्या दिवशी मदतीला आणखी कोणी आहे, अशा दिवशीच जा.

सोबत्यांविषयी सांगायचे तर बहुधा त्यांनी तुम्हाला टाळलेले नाही; ‘त्याला कशाला अडचणीत टाका’ म्हणून ते विचारत नसावेत. तुम्हीच एकदा निरोप धाडा की येणे जमणार नाही, पण स्पर्धा झाली की नकाशा पाठवत जा. रात्री वडिलांपाशी बसल्या बसल्या त्यावर आपला मार्ग आखा आणि त्यांच्या मार्गाशी ताडून पाहा. वाद घालण्यासाठी फोन आपोआप येऊ लागतील.

प्रश्न : लग्नाला वर्ष झाले. मी धावते, पतीला धावण्याचा कंटाळा आहे. त्याला या छंदात ओढले तर वेळेचा प्रश्नच मिटेल, असे मैत्रिणी म्हणतात. कसे ओढावे?

उत्तर : ओढू नये. कंटाळा असलेल्या माणसाला पहाटे उठवून धावायला नेले, तर तुमचा सराव बुडतो आणि त्याचा रविवारही. तुमच्या घरी ताण वेळेचा आहे की एकत्र असण्याचा, हे आधी त्यालाच विचारा. मैत्रिणींना हे ठाऊक असणे कठीण आहे. त्याला कोडी सोडवण्याची आवड असेल तर मात्र एकदा गुणांच्या ओरिएंटियरिंगला सोबत न्या. त्यात ठरलेल्या वेळात जमतील तितके कंट्रोल कोणत्याही क्रमाने गाठायचे असतात आणि सगळा मार्ग चालत गेले तरी चालते. नकाशा त्याच्या हाती द्या आणि तो चुकीच्या वाटेला लागला तरी पहिला अर्धा तास काही बोलू नका.