दिवाळीनंतर महिनाभर गोड बंद केलं तर मुलांचे दात वाचतील का? पेस्ट कोणती घ्यावी?

गोड बंद करू नका. महिनाभर बंद कराल, मग नाताळचा केक येईल, पाठोपाठ संक्रांतीची चिक्की. त्यापेक्षा फराळाचा डबा टेबलावरून उचलून कपाटात ठेवा.

ठाण्यात काय नि वाशीत काय, घरोघरी एकच युक्तिवाद ऐकू येतो: 'एकच तर करंजी खाल्ली!' अहो, किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं ते बघा. साखर मिळाली की तोंडातले जंतू आम्ल करतात. काही मिनिटांत दातावरच्या थराचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5.5 च्या खाली उतरतो आणि इनॅमलमधून, म्हणजे दाताच्या कडक कवचातून, कॅल्शियम निघायला लागतं. लाळेला ते सावरायला अर्धा ते एक तास लागतो. जेवणासोबत तीन लाडू खाल्ले तर हे एकदाच होतं. तेच लाडू येता-जाता तुकडे मोडून दुपारभर पुरवले तर दातांना उसंतच मिळत नाही. घोटाघोटाने प्यायलेल्या गोड चहाचंही तसंच.

चिवडा-शेव तिखट म्हणून निर्धोक, हाही गैरसमज. शेवेचं पीठ दाढेच्या खाचेत लिंपून बसतं आणि त्यातल्या स्टार्चची तिथेच साखर होते. गुळाचं कौतुक तर सांगूच नका, जंतूंना गूळ नि साखर सारखेच. चिक्की चिकटते, म्हणून आणखी वाईट.

पेस्ट कुठल्याही कंपनीची घ्या, पण पाकिटावर फ्लोराइड (कीड थोपवणारा घटक) 1000 पीपीएमच्या आसपास लिहिलेलं हवं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. मऊ ब्रश, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. त्यातलं रात्रीचं घासणं चुकवायचं नाही, कारण झोपेत लाळ कमी होते. घासल्यावर फेस थुंकायचा आणि चूळ भरायची नाही. खळखळून चुळा भरल्या की फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. लिंबू सरबत किंवा कोल्ड्रिंक प्यायल्यावर मात्र अर्धा तास ब्रश लावू नका. दोन दाढांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉसचा दोराच लागतो.

आता मंजनवाल्यांकडे वळतो. 'आमचे आजोबा राखुंडीने घासायचे, ऐंशीपर्यंत दात शाबूत!' असतील. आजोबांच्या हाताशी दिवसभर बिस्किटांचा पुडा नव्हता. राखुंडी आणि कोळशाची पावडर इनॅमल खरवडते, आणि मिश्री तर सरळ तंबाखू आहे. 'फ्लोराइड विष आहे' असं सोसायटीच्या ग्रुपवर सांगणारे धरणाचं पाणी पितात: नवी मुंबईत मोरब्याचं, ठाण्यात भातसाचं. अशा पाण्यात फ्लोराइड सहसा कमीच असतं, म्हणून तर ते पेस्टमधून घ्यायचं. हां, घोडबंदरकडे बोअरचं पाणी पीत असाल तर एकदा तपासून घ्या. लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड निघालं तर ते पाणी पिऊ नका. आणि लहान मुलं पेस्ट गिळतात, त्यामुळे येणाऱ्या पक्क्या दातांवर पांढरे डाग पडू शकतात. पेस्ट तुम्हीच लावून द्या, ट्यूब त्यांच्या हातात देऊ नका.

मूल सहाच्या पुढे असेल तर दुधाच्या दाढांच्या मागे नवी दाढ आलीय का बघा. पुष्कळ आईवडील ती दुधाचीच समजतात आणि किडली तरी 'पडेलच' म्हणून सोडून देतात. ती पडत नाही, ती कायमची असते. तिच्या खाचा खोल असतील तर डॉक्टरांकडून सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा लेप, लावून घ्या.

दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसला तर फ्लोराइडने तो अजून थोपवता येतो. खड्डा पडला की भरण्यावाचून इलाज नाही. तिथे लवंगेचं तेल ओतून कीड थांबत नाही, वर हिरडी भाजते. गार पाणी झोंबतंय म्हणून सेन्सिटिव्हिटीची पेस्ट आणून गप्प बसू नका. दोन दाढांच्या मधली कीड आरशात दिसत नाही, त्यासाठी बाइटविंग नावाचा छोटा एक्स-रे काढायला सांगा.