डिस्प्ले येत नाही? कार्ड परत नेण्याआधी हे बघा

वाचकांचे प्रश्न : घरचा संगणक

नाशिक आणि आसपासच्या वाचकांचे ग्राफिक्स कार्डाविषयीचे प्रश्न साठले होते. या वेळी तेच घेतले आहेत.

प्रश्न : आय५-१२४००एफ प्रोसेसर, बी६६० मदरबोर्ड, ५५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). जुनं जीटी ७१० काढून आरटीएक्स ४०६० बसवलं. आतले पंखे फिरतात, कीबोर्डचा दिवा लागतो, मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’. दुकानदार म्हणतो कार्ड ठीक आहे, तुमचंच काहीतरी चुकतंय. काय करू?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : ऐकायला कडू लागेल, पण दुकानदाराचं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त. नवं कार्ड डब्यातूनच मेलेलं निघतं, नाही असं नाही, पण क्वचित.

आधी मॉनिटरची केबल कुठे खोचली आहे ते बघा. जुन्या कार्डाला व्हीजीए केबल असेल आणि आता नवी एचडीएमआय आणली असेल, तर ती हमखास वरच्या भोकात जाते. यूएसबी आणि लॅनच्या शेजारचं ते भोक मदरबोर्डचं. तुमच्या प्रोसेसरच्या नावातला ‘एफ’ सांगतो की त्यात अंगचं ग्राफिक्स नाही. म्हणजे वरच्या भोकातून चित्र येणं शक्यच नाही. केबल खाली, कार्डाच्या पट्टीवरच्या पोर्टात हवी. मॉनिटरच्या मेनूत जाऊन इनपुटही हाताने निवडा, ‘ऑटो’वर विसंबू नका.

आता वीज. जीटी ७१० ला जेमतेम १९ वॅट लागतात. ते सगळे स्लॉटमधूनच, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड बसतं त्या खाचेतूनच, मिळतात. त्यामुळे कार्डाला वेगळी वायर लावायची असते, हे जुन्या कार्डावर कधी कळतच नाही. ४०६० ला ११५ वॅट लागतात आणि स्लॉट देतो फार तर ७५. उरलेले ८ पिनच्या प्लगमधून घ्यावे लागतात. एसएमपीएसच्या वायरींचा जो जुडगा कॅबिनेटच्या मागच्या बाजूला बांधून ठेवलेला असतो, त्यात ‘पीसीआय-ई’ लिहिलेला ६+२ पिनांचा प्लग शोधा. तिथेच ४+४ असाही एक ८ पिनांचा प्लग दिसेल. तो प्रोसेसरचा. दोन्ही सारखे दिसतात, पण १२ व्होल्ट आणि अर्थिंग यांच्या जागा त्यांत उलट आहेत. खाचा वेगळ्या असल्यामुळे चुकीचा प्लग सहजी बसत नाही. बसवायला जोर लागतोय असं वाटलं की थांबा. योग्य प्लग खटका वाजवून बसतो आणि नुसता ओढून निघत नाही.

तरीही डिस्प्ले नसेल तर कार्ड स्लॉटमध्ये पुरतं बसलेलं नाही, असं धरून चाला. इथे नेहमी फसगत होते ती अशी. कार्डाच्या मागच्या पत्र्याच्या पट्टीचं खालचं टोक कॅबिनेट आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या फटीत जायला हवं. ते वाकून बोर्डाच्या कडेवर टेकलं, की पट्टीकडची बाजू उचललेली राहते. कधी उलटं होतं : कार्ड नीट बसतं, पण पट्टीचा स्क्रू आवळताना पत्रा खाली ओढला जातो आणि दुसरं टोक, स्लॉटच्या लॉककडचं, दोन मिलिमीटर वर येतं. मोबाईलचा टॉर्च लावून स्लॉटच्या कडेशी डोळा नेऊन बघा. कार्डाच्या खालच्या कडेची सोनेरी पट्टी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दिसली, तर कार्ड तिरकं आहे. वीज बंद करा, मेन पिन काढा, कार्ड बाहेर काढून पुन्हा बसवा. लॉकचा ‘टक्’ आवाज आधी, स्क्रू नंतर.

मदरबोर्डच्या कडेला ‘सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट’ अशी नावं असलेले चार बारीक दिवे असतील तर काम सोपं होतं. व्हीजीएचा पेटून राहिला तर दोष कार्ड, स्लॉट किंवा त्या प्लगकडे. डीरॅमचा राहिला तर कार्ड बसवताना कोपराचा धक्का लागून रॅम सैल झाली असावी. ती काढून परत दाबा. दिवे नसतील तर जुनं जीटी ७१० परत लावून बघा. त्यावर डिस्प्ले आला, म्हणजे बोर्ड, रॅम, प्रोसेसर सुटले. दर वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलून यंत्र चालू झालं, तरी दोष कशात होता ते कळत नाही, आणि तो परत येतो.

एक खास गोष्ट ४०६० आणि ४०६० टीआयची. काही मदरबोर्डांवर या कार्डांचा पडदा विंडोज सुरू होईपर्यंत काळा राहतो. म्हणून चालू केल्यावर दोन मिनिटं थांबा. लॉगिनचा पडदा आला तर कार्ड चांगलं आहे. हा काळा पडदा घालवायला एनव्हिडियाने, म्हणजे या कार्डांची चिप बनवणाऱ्या कंपनीने, फर्मवेअर (कार्डातला मूळ प्रोग्रॅम) अपडेटचं छोटं टूल दिलेलं आहे, ते चालवा.

प्रश्न : आरटीएक्स ३०६० बसवल्यापासून गेम सुरू केला की दहा मिनिटांत पीसी खटकन बंद. इंटरनेट, सिनेमे दिवसभर चालतात. एसएमपीएस ४५० वॅटचा, यूपीएस ६०० व्हीएचा, प्रोसेसर १२४००एफ. उन्हाळ्यामुळे कार्ड तापत असेल का?
– सिडकोतील एक वाचक

उत्तर : एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो हे खरं, पण तापलेलं कार्ड असं वागत नाही. हे कार्ड ८३ अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतं. गेम अडखळतो, पीसी बंद पडत नाही. मेन स्विच पाडल्यासारखं बंद होणं, हे विजेचं लक्षण.

हिशेब करा. कार्ड १७०, प्रोसेसर जोरात असताना ११७, बाकी बोर्ड, पंखे, डिस्क धरून ६० : साधारण ३५० वॅट. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून सुमारे ४१० वॅट ओढले जातात. ६०० व्हीएचा यूपीएस देतो फक्त ३६० वॅटच्या आसपास. मॉनिटरही त्यावरच असेल तर बघायलाच नको. बंद होण्याआधी यूपीएस लांब ‘टीं’ करत असेल, तर उत्तर तिथेच मिळालं. पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला लावून अर्धा तास गेम चालवा. बंद पडला नाही, तर १००० ते ११०० व्हीएचा यूपीएस घ्या.

भिंतीवरही बंद पडला तर एसएमपीएसचं लेबल वाचा. डब्यावरच्या ‘४५० वॅट’ला अर्थ नाही, +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. १८ अँपिअर असतील तर १२ × १८ = २१६ वॅट. एवढ्यात हे कार्ड आणि प्रोसेसर एकत्र चालणार नाहीत. एनव्हिडिया या कार्डाला ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, तो चांगल्या प्रतीचा घ्या. इथे वाचवलेले दीड-दोन हजार पुढे महाग पडतात. खात्री करून घ्यायची असेल तर आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग-वीज बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा. बंद पडणं थांबलं, तर दोष विजेचाच. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधला ‘कर्नल-पॉवर ४१’ वाचून घाबरू नका. पीसी नीट बंद न होता परत सुरू झाला इतकंच तो सांगतो, का ते नाही.

पीसी घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर त्याच्या मागचं बटण ‘इको’वर नको, ‘यूपीएस’वर हवं. इकोवर लाईट गेल्यावर बदल व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी पडतो. स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर चांगल्या एसएमपीएसला, म्हणजे ज्यात अॅक्टिव्ह पीएफसी (विजेचा ओढा सम ठेवणारं सर्किट) असतं त्याला, मानवत नाही. साइन वेव्हचाच बघा.

प्रश्न : ऑफिसातून निघालेला छोटा ब्रँडेड पीसी स्वस्तात मिळाला. एसएमपीएस २४० वॅटचा, कार्डासाठी वायर नाही. साटा (हार्ड डिस्कला वीज देणारा प्लग) ते ८ पिन अडॅप्टर मिळतो, तो चालेल?
– सिन्नर

उत्तर : नाही. साटा प्लगमधून १२ व्होल्टवर ५४ वॅटच मिळतात, ८ पिनची मागणी १५० पर्यंत जाते. आधी प्लास्टिक वितळतं, मग वास येतो. एसएमपीएस बदलू म्हणाल, तर अशा अनेक पीसींच्या बोर्डाला नेहमीचा २४ पिनांचा प्लगच नसतो. तुम्हाला वेगळी वायर न लागणारं कार्ड हवं : आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल ७० वॅटमध्ये चालतं. ८ जीबीचं घेऊ नका, ते वेगळं आहे, त्याला प्लग लागतो. कॅबिनेट अरुंद असेल तर ‘लो प्रोफाइल’, म्हणजे बुटकं कार्ड मागा, आणि बुटकी पट्टी डब्यात आहे ना, ते दुकानातच उघडून बघा.

प्रश्न : रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करण्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करण्याची सोय) बंद केलं. आता विंडोज सुरूच होत नाही. डेटा गेला का?
– नाशिकरोड

उत्तर : गेलेला नाही. सीएसएम पुन्हा चालू करा, विंडोज परत येईल. तुमची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने आखलेली आहे आणि सीएसएमशिवाय बोर्ड तिच्यावरून विंडोज सुरू करू शकत नाही. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून ही जुनी आखणी नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारं एमबीआर-टू-जीपीटी हे टूल विंडोजमध्येच येतं. आधी डेटाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर तात्पुरता थांबवा, मग टूल आधी तपासणीच्या आणि नंतर बदलाच्या पर्यायाने चालवा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर तपासणीतच ते अडतं. बदल झाल्यावर सीएसएम बंद करा, ‘अबव्ह ४जी डीकोडिंग’ आणि रिसायझेबल बार चालू करा. इंटेल आर्क कार्ड असेल तर हा खटाटोप कराच. त्याशिवाय ते कार्ड निम्म्या जिवाने चालतं.

प्रश्न : जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये माझं ४०६० ‘एक्स८, १.१’ दाखवतं. स्लॉट तर एक्स१६ आहे. फसवलं का?
– पंचवटी

उत्तर : नाही. ४०६० ला मुळातच आठ लेन, म्हणजे माहिती नेणाऱ्या वाटा, आहेत. आणि १.१ दिसतं कारण कार्ड रिकामं बसलं की वीज वाचवायला वेग खाली आणतं. त्या रकान्याशेजारचं प्रश्नचिन्ह दाबून चाचणी चालू करा, आकडा वर जाईल. चाचणीतही ‘एक्स४’ दिसलं तर मात्र कार्ड बहुधा खालच्या लांब स्लॉटमध्ये आहे. प्रोसेसरच्या जवळच्या, वरच्या स्लॉटमध्ये घ्या.

प्रश्न : थंडीत कार्ड हाताळताना स्टॅटिकने जळतं म्हणतात. खरं?
– निफाड

उत्तर : धोका छोटा आहे, पण तुमच्याकडच्या कोरड्या थंडीत स्वेटर काढताना ज्या ठिणग्या चटचट वाजतात, त्याच त्या. लोकरीचा स्वेटर आधीच काढून ठेवा, सतरंजीवर बसून काम करू नका, आणि कार्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करा. कार्ड कडेने धरा. सोनेरी पट्टीला बोट लागलंच तर खोडरबर घासू नका, त्याचा भुगा स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब टाकलेल्या मऊ कापडाने पुसा आणि वाळू द्या.