सेमीफायनलला वर्ल्ड रेकॉर्ड, फायनलला सिल्व्हर

प्रश्न : २०१३ च्या बार्सिलोना स्विमिंग वर्ल्ड चॅम्पियनशिपची जुनी रेस बघितली, बायकांची २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे बेडकासारखे हातपाय मारत पोहायची. डेन्मार्कच्या रिके मोलर पेडरसनने सेमीफायनलला वर्ल्ड रेकॉर्ड केला आणि दुसऱ्या दिवशी फायनलला ती दुसरी आली. म्हणजे टेन्शन घेतलं आणि हरली, असंच ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही हो, असं अजिबात म्हणू नका, पेडरसनबद्दल हे वाक्य ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. आधी आकडे बघू. १ ऑगस्टच्या सेमीफायनलला तिचा टाइम २ मिनिटं १९.११ सेकंद, म्हणजे रेबेका सोनीने लंडन ऑलिम्पिकला केलेला २:१९.५९ चा रेकॉर्ड जवळजवळ अर्ध्या सेकंदाने मोडला. दुसऱ्या दिवशी फायनलला रशियाची युलिया एफिमोवा २:१९.४१ आणि पेडरसन २:२०.०८. तिसरी आलेली अमेरिकेची मायका लॉरेन्स पेडरसनच्याही दोन सेकंदांहून जास्त मागे होती. आता सांगा, याला हातपाय गळणं कसं म्हणायचं? स्वतःच्या रेकॉर्डपेक्षा सेकंदभर हळू पोहली एवढंच, आणि शेजारी एफिमोवा त्या दिवशी जबरदस्त पोहली.

आणि हे एकट्या पेडरसनचं नाही. त्या स्पर्धेत बायकांच्या ब्रेस्टस्ट्रोकच्या तिन्ही अंतरांचे रेकॉर्ड मोडले आणि सगळे फायनलच्या आधीच मोडले! १०० मीटरला लिथुआनियाची रुता मेलुटिटे, तेव्हा फक्त १६ वर्षांची, तिने सेमीफायनलला १:०४.३५ केला, आणि आधीचा जेसिका हार्डीचा १:०४.४५ होता २००९ मधला, त्या वेग वाढवणाऱ्या पॉलियुरेथेनच्या स्विमसूटच्या काळातला, जे सूट २०१० पासून बंद झाले. फायनलला रुताचा टाइम १:०४.४२, किंचित हळू, पण गोल्ड मिळालं म्हणून कुणी काही बोललं नाही. ५० मीटरला तर सकाळच्या हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीत, एफिमोवाने २९.७८ चा रेकॉर्ड केला, संध्याकाळी सेमीफायनलला रुताने तो २९.४८ वर आणला, आणि फायनलला एफिमोवा २९.५२ ने पहिली, रुता २९.५९ ने दुसरी. फरक सात शतांश सेकंदाचा, म्हणजे त्या वेगाला अंतर जेमतेम अर्धी वीत.

असं का होतं विचाराल तर सगळ्यात मोठं कारण मला ब्रेस्टस्ट्रोकमध्येच दिसतं. पोहण्याच्या चारही प्रकारांमध्ये हा सगळ्यात हळू, कारण पाय पोटाकडे ओढून घेताना मांड्या पाण्याला आडव्या येतात आणि वेग एकदम पडतो, मग किक बसली की परत वाढतो, आणि हे प्रत्येक स्ट्रोकला. त्यामुळे किकनंतर अंग लांब सरळ ठेवून जे ग्लाइड करायचं असतं त्याचं टायमिंग सगळ्यात महत्त्वाचं. सेमीफायनलला पहिल्या आठात आलं की झालं, त्यामुळे पोहणारी आपल्या लयीत पोहते, पण फायनलला बाजूच्या लेनमध्ये कुणी पुढे सरकतंय असं जाणवलं की हात आपोआप भराभर चालायला लागतात, ग्लाइड कापला जातो, स्ट्रोक वाढतात आणि प्रत्येक जास्तीच्या स्ट्रोकबरोबर तो ब्रेक लागणंही वाढतं. फ्रीस्टाइलला घाई थोडीफार खपून जाते, इथे ती लगेच टाइममध्ये दिसते. त्यात दोन दिवसांत तीन रेस, हीट, सेमी, फायनल. २०० मीटरला तिसऱ्या वेळी पाय तेवढे ताजे नसतात. पेडरसनच्या डोक्यात त्या दिवशी काय चाललं होतं हे बाहेरून बघून ठरवायचा आपल्याला काही हक्क नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. २:१९.११ हा रेकॉर्ड जवळजवळ आठ वर्षं टिकला, थेट २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या फायनलला दक्षिण आफ्रिकेच्या तात्याना शूनमाकरने २:१८.९५ करेपर्यंत. मधल्या काळात कितीतरी जणी वर्ल्ड आणि ऑलिम्पिक चॅम्पियन झाल्या, त्यातली एकही त्या टाइमच्या खाली गेली नाही.

प्रश्न : एफिमोवा नंतर डोपिंगमध्ये सापडली ना? मग ते गोल्ड पेडरसनला का दिलं नाही? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कारण तारीख. जी टेस्ट पॉझिटिव्ह आली ती ऑक्टोबर २०१३ ची, बार्सिलोना संपून जवळजवळ तीन महिने झाल्यावरची. तिच्यावर १६ महिन्यांची बंदी आली आणि टेस्टनंतरच्या युरोपियन शॉर्ट कोर्स स्पर्धेतली तिची पदकं काढून घेतली, पण त्याआधीचे निकाल तसेच राहिले. मनाला हे पटत नाही, मलाही नाही पटत, पण पुराव्याशिवाय मागचे निकाल बदलायला लागलो तर कुठल्याच निकालाला अर्थ उरणार नाही.

प्रश्न : रिलेमध्ये केलेला टाइम रेकॉर्ड धरतात का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : फक्त पहिल्या पोहणारीचा धरतात, कारण तीच बीपवर सुटते, बाकीच्या जणी आधीच्या मुलीचा टच बघत उडी मारतात म्हणून त्यांना सुरुवातीला फायदा मिळतो. आता मेडले रिलेत, म्हणजे चौघी चार वेगवेगळ्या प्रकारांनी पोहतात त्या रिलेत, पहिला नंबर बॅकस्ट्रोकचा, ब्रेस्टस्ट्रोक दुसरा, त्यामुळे ब्रेस्टस्ट्रोकवालीने तिथे कितीही भारी टाइम काढला तरी तो रेकॉर्डच्या यादीत जात नाही. पदक मात्र सगळ्यांचं, २०१६ ला रिओमध्ये डेन्मार्कला याच रिलेत ब्राँझ मिळालं आणि त्या टीममध्ये पेडरसन होती.

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा स्पर्धेत ब्रेस्टस्ट्रोकला पहिली आली पण टर्नला एक हात आधी लागला म्हणून डिसक्वालिफाय केलं. लहान मुलांना एवढं कडक कशाला? – एक आई, अहिल्यानगर

उत्तर : मुलीला माझ्याकडून शाब्बासकी सांगा, पण नियम बरोबर आहे आणि तो मोठ्यांनाही तसाच लागतो. अमेरिकेची लिली किंग, २०१९ ला ग्वांगजूच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये १०० मीटरचं गोल्ड घेतलेली, तिला त्याच स्पर्धेत २०० मीटरच्या हीटमध्ये याच कारणाने बाद केलं, ५० मीटरच्या टर्नला दोन्ही हात एकाच वेळी लागले नाहीत म्हणून. अमेरिकेने दाद मागितली, फेटाळली. नंतर तिने ५० मीटरचं गोल्ड घेतलंच. हात एक थोडा वर एक थोडा खाली असला तर चालतो, पण एकावर एक ठेवलेले चालत नाहीत आणि भिंतीला लागायचे एकाच क्षणी. मुलं बहुतेक वेळा चुकतात ती भिंतीजवळ स्ट्रोक अर्धवट राहिला की, घाबरून एक हात पुढे टाकतात. कोचना सांगून प्रॅक्टिसमध्ये फक्त शेवटचे दहा मीटर परत परत करून घ्या, भिंत किती स्ट्रोकवर येते याचा अंदाज तिला यायला लागेल.