लॅपटॉप घेण्याआधी भिंतीतला पॉइंट तपासा

परळची जुनी इमारत, ८ जीबीचा तीन वर्षांचा लॅपटॉप, ऑनलाइन मिळते ती स्वस्तातली यूएसबी गिटार केबल. रेकॉर्डिंगमध्ये सतत घूंऽऽ, मध्येच तडतड, आणि चार्जर लावलेला असताना तारांना हात लावला की बोटांना झिणझिण्या. त्यावर तुमचा प्रश्न असा, की ७० हजारांचा गेमिंग लॅपटॉप घ्यावा की थोडी भर घालून मॅकबुक एअर. माझं मत, सध्या दोन्ही नको. झिणझिण्यांचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय, पण खरी मेख तिथेच आहे. याच घूंपायी मी लॅपटॉप बदलून बसलोय आणि नव्यावरही ती तश्शीच आली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सॉफ्टवेअर कुठलं, ट्रॅक कसा आर्म, म्हणजे रेकॉर्डिंगला तयार, करायचा हे तुम्हाला येतंय असं धरतो.

आधी घूं आणि तडतड वेगळी करा. हे दोन निराळे आजार आहेत आणि दोन्हींवर एकच औषध शोधलं की पैसे जातात. घूं बहुतेकदा विजेच्या वायरिंगमधून येते, तडतड लॅपटॉपच्या ड्रायव्हरमधून, म्हणजे आतले भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून.

घूंसाठी चार चाचण्या, याच क्रमाने. पहिली, गिटारचा व्हॉल्यूम नॉब शून्यावर. तरीही घूं राहिली तर पिकअपचा, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या कॉइलचा, दोष नाही, केबलपासून पुढे कुठेतरी आहे. दुसरी, चार्जर भिंतीतून काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घूं गायब किंवा निम्मी झाली तर चार्जर आणि अर्थिंग, विषय संपला. तिसरी, तारांना हात लावल्यावर घूं कमी होते का ते ऐका. थोडी कमी होणं स्वाभाविक आहे, पण झिणझिण्या येणं अजिबात नाही. चौथी, खुर्चीवर बसल्या बसल्या गिटारसकट गोल फिरा. फिरताना आवाज कमीजास्त झाला तर तो सिंगल कॉइल पिकअपने हवेतून उचललेला आहे. त्याबद्दल शेवटी लिहितो.

तुमच्या वर्णनावरून दुसऱ्या चाचणीतच निकाल लागेल. कारण असं: लॅपटॉपच्या ॲडाप्टरमध्ये फिल्टरसाठी वाय-कॅपॅसिटर असतात, आणि त्यांतून थोडा करंट कायम पाझरत असतो. अर्थिंग नीट असेल तर तो तिथून निघून जातो. नसेल तर लॅपटॉपचा ग्राउंड, म्हणजे यूएसबीचं कवच, इंटरफेस (गिटारचा सिग्नल लॅपटॉपला देणारी डबी, तुमच्या बाबतीत ती यूएसबी केबल), गिटार केबलची जाळी, ब्रिज आणि तारा, हे सगळं मिळून साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतं. करंट फार कमी असल्यामुळे जोराचा शॉक बसत नाही, नुसत्या मुंग्या येतात. पण गिटारच्या सिग्नलसाठी हे म्हणजे ५० हर्ट्झची आणि तिच्या पटीतल्या १००, १५० हर्ट्झची सततची साथसंगत.

आता पॉइंट मोजायचा. मल्टिमीटर लॅमिंग्टन रोडवर काही शेकड्यांत मिळतो. एसी व्होल्टची सगळ्यात मोठी रेंज लावा. तीन पिनांच्या पॉइंटकडे तोंड करून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थ, उजवीकडचं फेज, डावीकडचं न्यूट्रल. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास. फेज-अर्थही जवळजवळ तेवढंच हवं. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. फेज-अर्थ जर ४०, ९०, १२० असं वरखाली तरंगत असेल, तर त्या भोकाच्या मागे वायर जोडलेलीच नाही. जुन्या चाळी आणि पागडीच्या इमारतींत हे सर्रास दिसतं: पूर्वी दोन पिनांचा पॉइंट होता, रंगकामाच्या वेळी त्यावर छान पांढरी तीन पिनांची प्लेट बसवली, आत मात्र तारा दोनच.

आणि न्यूट्रल-अर्थ अगदी ठणठणीत शून्य आलं तर जास्त घाबरा. बऱ्याचदा कुणीतरी पॉइंटमध्येच न्यूट्रलचा तुकडा अर्थला जोडून 'अर्थिंग करून दिलं' असतं. घूं जातेही त्याने! पण मागे कुठे न्यूट्रल सुटला तर गिटारच्या तारांवर सरळ २३० व्होल्ट येतील. असं असेल तर त्या पॉइंटवर काहीही लावू नका. नळाच्या पाइपला वायर गुंडाळणं हाही तसलाच उपाय; पाइप मध्येच कुठेतरी प्लास्टिकचा असतो आणि खालच्या मजल्यावर कुणी आंघोळ करत असतं.

खरा उपाय एकच. परवानाधारक वायरमनकडून मीटर रूममधल्या अर्थपासून तुमच्या पॉइंटपर्यंत हिरवी वायर ओढून घ्यायची, आणि नसेल तर घरच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्यायचा. मल्टिमीटर नगण्य करंट घेतो, त्यामुळे गंजलेलं, कमकुवत अर्थही त्याला चांगलं दिसू शकतं. भार टाकून अर्थ तपासायला वायरमनलाच सांगा. (मी वायरमन नाही. वर लिहिलंय ते मोजण्यापुरतं. बोर्ड उघडायचं काम तुमचं नाही.) सोसायटीची परवानगी काढण्यात महिना जाईल तो वेगळा.

सर्व्हिस सेंटरचं मात्र बोलायलाच हवं, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा तिथे गेला. नाव घेत नाही. दोनदा फॉरमॅट, एकदा साउंड चिप 'वीक' असल्याचं निदान, शेवटी मदरबोर्डचं कोटेशन. दर वेळी लॅपटॉप त्यांच्या टेबलावर शहाण्या मुलासारखा वागायचा. वागणारच, त्यांच्या टेबलावर अर्थिंग चोख होतं! घरचा पॉइंट कसा आहे हा प्रश्न एकाही माणसाने विचारला नाही. तेव्हा सर्व्हिस सेंटरला जाण्यापूर्वी लॅपटॉप एखाद्या नव्या इमारतीतल्या मित्राकडे नेऊन त्याच केबलने वाजवून बघा. फुकटात निदान होतं.

चार्जर दोन पिनांचा असेल तर मात्र भिंतीतलं अर्थ कितीही चांगलं असो, लॅपटॉपपर्यंत पोचत नाही. बारीक लॅपटॉप आणि टाइप-सी चार्जरमध्ये हे बऱ्याचदा असतं. त्याच वॉटचा तीन पिनांचा चार्जर, किंवा काही ॲडाप्टरना वेगळी मिळणारी तीन पिनांची लांब वायर वापरा. उलट प्रकार, म्हणजे घूं जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकणं, कृपा करून करू नका. यूएसबी आयसोलेटरचा सल्लाही कुणीतरी देईल. स्वस्तातले आयसोलेटर १२ मेगाबिटच्या फुल स्पीडवर चालतात आणि बहुतेक इंटरफेसना ४८० मेगाबिटचा हाय स्पीड लागतो, त्यामुळे इंटरफेस दिसतच नाही. त्यात पैसे घालू नका.

आता तडतड. इथे एक गंमत आहे. घूं टाळायला माणूस बॅटरीवर रेकॉर्ड करू लागतो, आणि बॅटरीवर विंडोज प्रोसेसरचा वेग उतरवतं, त्यामुळे तडतड वाढते. मग वाटतं, लॅपटॉपच कमकुवत आहे. अर्थिंग झालं की चार्जर लावून, पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर ठेवून, 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करून पुन्हा ऐका. रेकॉर्डिंगपुरतं वायफाय आणि ब्लूटूथ डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करा, नुसतं विमान मोडवर टाकून भागत नाही.

तरी तडतडलं तर लेटन्सीमॉन हे फुकट सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवा. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडवून बसतो ते त्यात दिसतं. गणित साधं आहे: ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पलचा बफर (प्रोसेसरला एका वेळी मिळणारा आवाजाचा तुकडा) म्हणजे १.३३ मिलिसेकंद, म्हणजे १३३३ मायक्रोसेकंद. एखादा वायफायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्यातले हजार खाऊन बसला तर उरलेल्या तीनशेत अँप सिम्युलेटरने, म्हणजे अँपचा आवाज काढणाऱ्या सॉफ्टवेअरने, काय करायचं? गेमिंग लॅपटॉप इथे जिंकेलच असं नाही, ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर या यादीत बऱ्याचदा वर असतात. शिवाय त्याचा पंखा कंडेन्सर माइकमध्ये ऐकू येतो.

वाजवताना बफर १२८ ठेवा. एका दिशेला २.७ मिलिसेकंद, जाऊन-येऊन कन्व्हर्टर धरून साधारण दहाच्या आसपास. अँपपासून तीन मीटरवर उभं राहिलं तरी आवाज पोचायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे हाताला खटकत नाही. मिक्स करताना ५१२ किंवा १०२४. ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवायचा विचारही नको.

हे आकडे तुमच्या त्या केबलवर मिळणार नाहीत. तिला स्वतःचा एसिओ, म्हणजे कमी उशिराने आवाज नेणारा, ड्रायव्हर नसतो, एसिओ-फोर-ऑल या सर्वसाधारण ड्रायव्हरवर भागवावं लागतं. म्हणून पहिला खर्च इंटरफेसवर. बघायच्या गोष्टी दोनच: गिटारसाठी सुमारे एक मेगाओहमचा 'इन्स्ट्रुमेंट' इनपुट, आणि कंपनीचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर. फोकसराइट स्कार्लेट सोलो, मोटू एम-टू, ऑडियंट आयडी-फोर, यांपैकी बजेटमध्ये बसेल ते. बेहरिंगरमध्ये यूएम-टू आणि यूएमसी-२२ टाळा, तीही एसिओ-फोर-ऑलवरच चालतात. यूएमसी-२०२-एचडीला स्वतःचा ड्रायव्हर आहे. जॅकचा आकार बदलणारी पिन घालून लॅपटॉपच्या माइक जॅकला गिटार जोडणं तर नकोच. तिथला इनपुट काही हजार ओहमांचा असतो, पिकअपवर भार पडतो आणि वरचे सूर घोंगडीखाली गेल्यासारखे येतात. गेन असा लावा की सगळ्यात जोराच्या स्ट्रमला पीक उणे १२ डेसिबलपर्यंत जाईल. २४ बिटवर त्याहून वर ढकलायची गरज नाही.

एवढं करूनही प्रोसेसर मीटर बफर २५६ ला लाल होत असेल, तरच नवा लॅपटॉप. १६ जीबी रॅम, कारण ड्रम्सच्या लायब्ररी रॅम खातात, गिटार नाही. ५१२ जीबीची एसएसडी पुरते: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जातो, तासाला अर्धा जीबी. गाभ्यांच्या संख्येपेक्षा एका गाभ्याचा वेग बघा, कारण एका ट्रॅकवरची इफेक्टची साखळी सहसा एकाच गाभ्यावर चालते. मॅकबुक एअरच्या एम-वन आणि पुढच्या मॉडेलना पंखाच नाही, ड्रायव्हरची कटकटही कमी, गॅरेजबँड फुकट. फक्त रॅम नंतर वाढवता येत नाही. आणि चार्जर दोन पिनांचा, म्हणजे फिरून अर्थिंगचा प्रश्न आलाच.

राहिली ती गोल फिरल्यावर बदलणारी घूं. सिंगल कॉइलला सगळ्यात जास्त त्रास पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा; फिरवायच्या नॉबचा ट्रायॅकवाला असेल तर तो विजेची लाट कापतो आणि कर्कश झर्रर्र येतं. पंखा बंद करा किंवा पूर्ण वेगावर ठेवा, किंवा टप्प्याटप्प्यांचा कॅपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवून घ्या. लॅपटॉपच्या स्क्रीनपासून गिटार हातभर लांब ठेवा, स्वस्त एलईडी ट्यूब घालवा.

परळला खिडकी रस्त्यावर असेल तर ॲकूस्टिकसाठी कंडेन्सर घेण्याची घाई नको. तो बेस्टच्या बसपासून शेजारच्या कुकरच्या शिट्टीपर्यंत सगळं टिपतो. शुअर एसएम-५७सारखा डायनॅमिक माइक बाराव्या फ्रेटसमोर वीतभर अंतरावर ठेवा. कंडेन्सर घेतलाच तर पावसाळ्यात सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात. ओल धरलेली कॅप्सूल फुसफुसते, तडतडते, आणि मग तुम्ही पुन्हा लॅपटॉपला दोष द्याल.

पॉइंटचे तिन्ही आकडे आणि बॅटरीवर घूं जाते की राहते, एवढं इथेच लिहा. चार्जरचा प्लग दोन पिनांचा आहे की तीन, तेही.