बरकंदाजाचा अंदाज

एका वाचकाने विचारलंय: रोबो-वेल्डिंगच्या प्रशिक्षणपुस्तिकेत ‘प्रेडिक्टेड हीट इनपुट’साठी ‘तापमानाचे भाकीत’ लिहिलं तर चालेल का?

नाही. आधी तो ‘तापमान’ शब्द काढून टाका. ही चूक इतक्यांदा ऐकलीय की आता कानाला टोचते. तापमान अंशांत मोजतात. इथे प्रश्न आहे तो सांध्याच्या दर मिलिमीटरला किती ऊर्जा दिली हा. 25 व्होल्ट, 200 अँपिअर आणि टॉर्चची, म्हणजे वेल्डिंगची वायर सोडणाऱ्या नळीची, चाल मिनिटाला 300 मिलिमीटर, म्हणजे दर मिलिमीटरला 1 किलोज्यूल. मॅग वेल्डिंगमध्ये (वायूच्या आवरणाखाली सतत पुढे सरकणारी वायर वितळवून सांधा भरतात ते) त्यातली 80 टक्के धातूत उतरते असं धरतात. ‘दिलेली उष्णता’ म्हणा, झालं.

खरा गोडवा दुसऱ्या शब्दात आहे. भाकीत नकोच. भाकणं म्हणजे बोलणं, विनवणं. आपण करुणा भाकतो. त्यात मोजमाप कुठे आलं? ‘अनुमान’ सुचवणाऱ्या शुद्धिवाद्यांशी माझं भांडण जुनं आहे. ढगांवरून पाऊस ओळखणं हे न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात, अनुमानच, मान्य. पण मराठी माणूस पावसाचा अंदाज ऐकतो, अनुमान नाही.

अंदाज फारसीतला. ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणं. तीर फेकणारा तीरंदाज. गोळा फेकणारा गोलंदाज. क्रिकेटच्या कितीतरी आधी तो तोफ डागत होता. नेम धरायचा तर अंतर जोखावं लागतं, वारा जोखावा लागतो. फेकण्याचा अर्थ जोखण्याकडे सरकला तो याच वाटेने, असं माझं ठाम मत आहे.

आणि बरकंदाज! अरबी ‘बर्क’ म्हणजे वीज. वीज फेकणारा तो बरकंदाज, बंदूकवाला शिपाई. त्याच्या हातात ठिणगी होती, वीज नव्हतीच. वेल्डिंगच्या वायरीपासून धातूपर्यंत पेटणारा आर्क मात्र वायूतून वाहणारी खरीखुरी वीज. हा शब्द अक्षरशः लागू पडतो तो वेल्डिंगच्या रोबोला.

नेमाचं नातं इथेही सुटत नाही. टॉर्चचं टोक जॉबपासून, म्हणजे जोडायच्या धातूपासून, पाच मिलिमीटर लांब गेलं, की बाहेर डोकावणारी वायर लांबते आणि वायरचा वेग तोच असूनही करंट पडतो. रोबोचा हात थरथरत नाही, पण जॉबच कधी वाकडा बसलेला असतो. म्हणून अंतर, वायरचा वेग आणि चाल यांवरून उष्णता आधीच जोखायची. कमी पडली तर सांधा झपाट्याने थंड होऊन कडक होतो, तडकू शकतो. जास्त झाली तर कडेच्या पोलादाचे कण जाड होतात आणि त्याचा चिवटपणा जातो.

मथळ्यात मात्र ‘अंदाजे उष्णता’ लिहू नका, त्यातून ‘साधारण’ असा अर्थ निघतो. ‘अंदाजित उष्णता’ लिहा. फारसी शब्दाला संस्कृत प्रत्यय लावला म्हणून नाकं मुरडणारे लोक ‘अंदाजपत्रक’ रोज वापरतात.